साक्षीदार हजर

त्या सोमवारी मी काउंटीच्या कोर्टात गेले ती एका जुन्या कागदासाठी. तासाभराचं काम होतं. बाबांसाठी माशाचं सूप करून ठेवलं होतं, शेजारणीला दुपारी डोकावायला सांगितलं होतं आणि गाडीत फावडं टाकलं होतं, कारण आमच्याकडे जानेवारीत फावड्याशिवाय बाहेर पडणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर खुळा. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. बर्फाचं, अंधाराचं आणि मागच्या बाकांवर रंगणाऱ्या भुतांच्या गोष्टींचं मला काही वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही माझ्याकडे त्या नजरेने पाहणार नाही.

झालं होतं असं, की नाताळच्या आठवड्यात ऑरेगॉनहून एक पत्र आलं होतं, जॅनिस पेल्तो नावाच्या अनोळखी बाईचं. तिचे आजोबा यल्मारी पेल्तो १९१३ साली आमच्या गावातून नाहीसे झाले. त्यांचं थडगं कुठेच नाही. पण तिच्या आजीच्या पेटीत एक चिठ्ठी निघाली, की आमच्या गावच्या दफनभूमीत दोन मित्रांनी शेजारी-शेजारी दोन जागा घेऊन ठेवल्या होत्या. एक यल्मारींनी आणि दुसरी नेस्तोरी कांगास यांनी. नेस्तोरी कांगास म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या जागेत ते झोपलेले आहेत. शेजारची जागा अजून मोकळी आहे, आणि दोन्हींचा कागद आमच्या नावावर आहे. तिथे आपल्या आजोबांच्या नावाचा एक साधा दगड बसवू द्याल का, एवढंच तिने विचारलं होतं.

मी पत्र बाबांना वाचून दाखवलं. बाबा तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे. त्यांनी साखरेचा खडा दातात धरला, बशीतली कॉफी संथपणे ओढली आणि बशी खाली ठेवली.

"पेल्तो," ते म्हणाले. "त्या घरातला मेलेला माणूससुद्धा शेजारी नको."

आमच्या घरात हे नाव घेत नसत. लहानपणी मी एकदा घेतलं, तर आजीने दूध ओतता ओतता हात थांबवला होता. कारण मला पुढे तुकड्यातुकड्याने कळलं. आजोबा फिनलंडहून आले तेव्हा आमचा देश रशियाच्या झारच्या हाताखाली होता. इथे खाणीत काम धरलं, पहिले कागद केले. पहिले कागद म्हणजे मला या देशाचा नागरिक व्हायचं आहे, असं लिहून देणं. मग काही वर्षांनी दुसरे कागद, म्हणजे खरा अर्ज. त्याला दोन साक्षीदार लागायचे. दोघेही इथले नागरिक, दोघेही अर्जदाराला निदान पाच वर्षं सलग ओळखणारे, आणि दोघांनी एकाच दिवशी जजसमोर उभं राहून शपथेवर सांगायचं, की हा माणूस चांगला आहे. आजोबांचा एक साक्षीदार गावचा दुकानदार होता. दुसरा यल्मारी, ज्याच्याबरोबर ते एकाच बोटीतून आले, एकाच खोलीत राहिले आणि शनिवारी एकाच सौनात वाफेने अंग शेकायला बसले.

सुनावणीच्या दिवशी यल्मारी आलाच नाही. नाव तीनदा पुकारलं. कोर्टात कुणालाही तीनदाच पुकारतात. दुकानदार एकटा उभा राहिला, जजने डोकं हलवलं आणि आजोबा नऊ मैल बर्फातून चालत घरी आले. त्या दिवसानंतर यल्मारी कुणाला दिसला नाही. पश्चिमेकडे लाकूडतोडीला जाईन, असं तो महिनोन्‌महिने बोलत होता. वसंतात त्याची बायको मुलांना घेऊन खरोखरच पश्चिमेला भावाकडे गेली, तेव्हा गावाने समजायचं ते समजून घेतलं. खाणीच्या साहेबाने त्याला फोडला, असंही लोक म्हणाले. आजोबांनी पुन्हा कधी कोर्टाची पायरी चढली नाही. जन्मभर ते कागदोपत्री परकेच राहिले. "मी झारला सोडायला केव्हाचा तयार आहे," ते म्हणायचे, "झारच मला सोडत नाही." झार मरून वीस वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट.

"तू कोर्टात जा," बाबा म्हणाले. "तळघरात ते सगळे अर्ज ठेवलेत म्हणे. त्यात काय लिहिलंय ते बघून ये. तो पळाला असं असेल, तर त्या बाईला नाही म्हणून कळव."

"बाबा, चौऱ्याऐंशी वर्षं झाली. आता काय फरक पडतो?"

"मला पडतो. माझ्या बापाने मरताना माझ्याकडून शब्द घेतलाय, की पेल्तोला क्षमा नाही. मी काही वसंत बघत नाही, तायमी. डॉक्टर बोलत नाही, पण मी काय खुळा नाही. हे लचांड तुझ्या गळ्यात नको. मीच काय ते ठरवून जातो."

म्हणून मी गेले.

कोर्टाच्या कचेरीत लॉर्ना ट्रेगियर होती. शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं. इंग्लंडातून खाणकामाला आलेलं कॉर्निश घराणं, तोंडाला टाळं कधी नाही. टेबलावर कागदात गुंडाळलेली मांस-बटाट्याची अर्धी पेस्टी होती, तिच्या आजीने खाणीत जाणाऱ्या नवऱ्याला डब्यात दिली असती तशीच.

"काय गं तायमी, बस चुकली वाटतं तुझी?" ती म्हणाली. "फिनिश माणूस आपणहून कोर्टात आला, म्हणजे कुणी तरी मेलंय नाही तर मरणार आहे."

"मरणार आहे," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. "तुझे बाबा? रेइनोकाका?"

मी मान हलवली आणि काम सांगितलं. नेस्तोरी कांगास, नागरिकत्वाचा अर्ज. लॉर्नाचा हात पेस्टीवरच थांबला. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजच बरी आलीस?"

"रस्ता मोकळा होता म्हणून आले. का गं?"

"जानेवारीचा पहिला सोमवार आहे. कोर्टाचं सत्र आज उघडतं." ती उठली, किल्ल्यांचा जुडगा घेतला. "काही नाही. कागद बघ, पण साडेतीनच्या आत वर ये. मी सांगते म्हणून ये."

तळघराचा जिना दगडी आहे. खाली एक लांब बोळ, एका बाजूला भिंतीशी लाकडी बाक, दुसऱ्या बाजूला लोखंडी दाराची खोली आणि त्यात छतापर्यंत वह्या. वाफेच्या नळ्यांमुळे खाली उकडत होतं. मी कोट काढून खुर्चीवर टाकला. लॉर्नाने चामडी पाठीची जाडजूड वही काढून दिली, दिवा ओढून जवळ घेतला आणि ती वर गेली. तिची पावलं जिन्यावर ऐकू आली, मग कचेरीच्या फरशीवर, मग नाही.

आधी पहिले कागद सापडले. मी रडणारी बाई नाही, पण तो कागद पाहून मला काही सुचेना. माझ्या आजोबांची सही होती, शाळकरी पोराने जपून काढावी तशी. जन्मगाव, ज्याचं नाव ते नेहमी हळू आवाजात घ्यायचे. बोटीचं नाव. उंची पाच फूट सात इंच. डोळे निळे. अंगावरच्या ओळखीच्या खुणा: डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही.

ती करंगळी मला ठाऊक होती. त्या आखूड करंगळीला धरून मी चालायला शिकले. मी सहा वर्षांची असताना सरकारने हुकूम काढला, की जे नागरिक नाहीत त्यांनी पोस्टात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. आजोबा मला बरोबर घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या पोराने त्यांची बोटं एकेक करून शाईत दाबली, कागदावर फिरवली आणि करंगळीपाशी आल्यावर विचारलं, "याचं काय करायचं?" पस्तीस वर्षं याच मातीच्या पोटात राबलेल्या माणसाने ती करंगळी पुढे केली. परतताना त्यांनी रस्त्याकडेचा बर्फ घेऊन बोटं घासली, पुन्हा घासली, तरी शाई निघेना. मला त्या दिवशी ज्याचा राग आला होता, त्याचं नाव पेल्तो होतं. दोन वर्षांनी आजोबा गेले. मी आठ वर्षांची होते.

मग दुसरे कागद उघडले. अर्ज, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि पाठीमागे सुनावणीची नोंद. तपकिरी शाई, टोकदार अक्षर. ६ जानेवारी १९१३. साक्षीदार पेल्तो, तीनदा पुकारलं, गैरहजर. पुढच्या सत्रापर्यंत तहकूब.

म्हणजे खरंच होतं तर. मी वही मिटणार होते. पण त्याच्याच खाली, त्याच अक्षरात, त्याच तारखेची आणखी एक ओळ होती.

'सायंकाळी पावणेपाच. कोर्ट उठल्यावर साक्षीदार पेल्तो हजर. कपडे चिंब. पुढच्या सत्राला यावे असे सांगितले.'

मी ती ओळ दोनदा वाचली. तो आला होता. त्याच दिवशी आला होता, आजोबा निघून गेल्यावर. आणि आजोबा रागाने पुन्हा फिरकलेच नाहीत, म्हणून त्यांना ते कधी कळलंच नाही. माझ्या तोंडून शिवी गेली, आणि ती कुणासाठी होती हे मला आजही सांगता येणार नाही.

त्याखाली पुढची ओळ होती. ५ मे १९१३. साक्षीदार हजर. अर्जदार गैरहजर. तहकूब. मग ऑक्टोबर. साक्षीदार हजर. अर्जदार गैरहजर. तहकूब. मग १९१४ ची तीन सत्रं. पान संपलं तिथे दुसरं चिकटवलं होतं, त्याला तिसरं. तपकिरी शाई गेली, निळी आली. टोकदार अक्षर गेलं, गोल आलं, मग तिरकं. १९२९. १९४२, ज्या वर्षी आम्ही आजोबांना पुरलं. १९५८. वर्षाला तीन ओळी, एकही सत्र चुकलेलं नाही. साक्षीदार हजर. अर्जदार गैरहजर. तहकूब. शेवटची ओळ गेल्या ऑक्टोबरची होती, बॉलपेनने लिहिलेली. ते अक्षर मी ओळखलं. माझ्या बसच्या परवान्यांवर दरवर्षी तेच अक्षर असायचं. लॉर्नाचं.

मला आधी राग आला. वाटलं, ही कसली थट्टा. वही उचलून वर जावं आणि तिला खडसवावं म्हणून मी उठले, आणि तेव्हा जाणवलं, की मला थंडी वाजतेय. वाफेच्या नळ्या खडखडत होत्या, तरी श्वास दिसत होता. वास येत होता, ओल्या लोकरीचा आणि त्याखाली तळ्याच्या पाण्याचा. उन्हाळ्यात काठावर येतो तो नाही. हिवाळ्यात मासे धरायला बर्फाला भोक पाडलं, की वर येतो तो. बोळात कुठे तरी पाणी टिपकत होतं. सावकाश, मोजून मापून.

बोळातल्या बाकावर एक माणूस बसला होता.

चाळिशीचा असेल. रविवारचा काळा कोट, गुडघ्यावर टोपी, पायांत टोकाशी वर वळलेले चामड्याचे बूट, माझे आजोबा घालायचे तसले. डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तसा तो ताठ बसला होता. त्याच्या कोटाच्या कडेवरून पाणी टिपकत होतं.

"अजून पुकारलं नाही ना?" त्याने विचारलं.

तो फिनिशमध्ये बोलला होता, आणि मला कळायला क्षण लागला, कारण तसं फिनिश मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. आजोबांच्या वेळचं, त्यांच्याच गावचं. भीती वाटायच्या आधी मला घरी आल्यासारखं वाटलं, हे खरं सांगते.

"कुणाला?" मी म्हटलं.

"नेस्तोरीला. मला उशीर झाला. साहेबाने बाराशिवाय खाणीतून वर येऊच दिलं नाही… रस्त्याने आलो असतो तर चार वाजले असते. म्हणून सरळ आलो."

"सरळ… तळ्यावरून?"

त्याने मान हलवली. "पाइप हलवला होता त्यांनी. कुणी बोललं नाही."

आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं, की खाणीतून उपसलेलं कोमट पाणी पाइपातून कोर्टाच्या वाटेवरच्या तळ्यात जिथे पडतं तिथे बर्फ पातळ असतो. त्या जागेला वळसा घालूनच सगळे तळं ओलांडतात, पायांना सवयच असते. आणि पायांच्या त्या सवयीवरच विसंबून हा माणूस मित्राच्या साक्षीसाठी धावत निघाला होता.

"तू कुणाची गं?" त्याने विचारलं.

"कांगासांची. रेइनोची… रेइनोची मुलगी."

तो हसला, मोठी माणसं लहान पोरांच्या थापांना हसतात तसा. "रेइनो चार वर्षांचा आहे. त्याच्या घोड्याचा एक पाय करायचा राहिलाय माझा. सांग त्याला, शनिवारी करून देतो."

मला पळायचं होतं. जिना दहा पावलांवर होता, पण तो बाकावर मधेच होता, आणि त्याने पाय थोडे आत घेऊन मला वाट करून दिली, एवढा सभ्य. मी हललेच नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पापण्यांवर न वितळणारे बर्फाचे कण होते.

"नेस्तोरीला तू ओळखतेस?"

"हो."

"किती वर्षं?"

"आठ."

"सलग?"

"हो… सलग."

"अंगावर खूण?"

"डाव्या करंगळीचं पेर नाही."

"माणूस कसा आहे?"

"चांगला," मी म्हटलं. "हट्टी आहे. पण चांगला माणूस आहे."

त्याने समाधानाने मान हलवली, जणू मोठं ओझं उतरलं. "पाच पुरतात," तो म्हणाला.

वर कोर्टाच्या घड्याळात चारचे ठोके पडले. मी नकळत वर पाहिलं. खाली पाहिलं तेव्हा बाक रिकामा होता, आणि फळीवर काचेसारखा पातळ बर्फाचा एक तुकडा पडला होता.

लॉर्ना धापा टाकत खाली आली, हातात पेन. तिने बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा कोट उचलून माझ्या खांद्यावर घातला.

"आपण बोलत नाही गं त्याच्याशी," ती म्हणाली. "मला ज्या बाईंनी हे काम शिकवलं, त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. सत्राच्या पहिल्या दिवशी खाली जायचं, तो दिसला की ओळ लिहायची आणि वर यायचं. नागरिकत्वाचं काम इथून जाऊन किती तरी वर्षं झाली. पण हा अर्ज कुणी फेटाळलेलाच नाही, नुसता तहकूब होत राहिलाय. मग वही कशी बंद करणार?"

"आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते? तुमच्या घरात पेल्तो म्हटलं की लोक उठून जातात."

ती वाकली आणि माझ्यासमोर तिने लिहिलं. ६ जानेवारी १९९७. साक्षीदार हजर. अर्जदार गैरहजर. तहकूब.

घरी आले तेव्हा बाबा जागे होते. मी कोट न काढता त्यांच्या पलंगाशी बसले आणि सगळं सांगितलं, पावणेपाचच्या ओळीपासून बाकापर्यंत. मला वाटलं होतं ते रागावतील, नाही तर माझ्या कपाळाला हात लावून बघतील. पण मी घोड्याच्या पायापाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"पलंगाखाली बिस्किटांचा डबा आहे. काढ."

डब्यात माझ्या आईची पत्रं होती, एक मोडकं घड्याळ होतं आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला बर्चच्या लाकडाचा घोडा होता. ओंजळीत मावेल एवढा. त्याला तीनच पाय होते.

"माझ्या बापाने त्या घरची एकेक वस्तू जाळली," बाबा म्हणाले. "हा मी कोठीत लपवला. जन्मभर लाज वाटली मला याची. शत्रूने केलेलं खेळणं जपतोय म्हणून." ते रडत होते. माझ्या बापाला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "सगळी वर्षं तो तिथे येऊन बसत होता, आणि आम्ही त्याला शिव्या देत होतो."

दुसऱ्या दिवशी ते हटून बसले, की दफनभूमीत ने. उणे वीस होतं. मी फावड्याने वाट केली, त्यांना तीन घोंगड्यांत गुंडाळलं आणि धरून आजोबांच्या दगडापर्यंत नेलं. तिथे उभं राहून त्यांनी टोपी काढली आणि घरातल्या माणसाला शेजारच्या खोलीतून हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "अहो बाबा, यल्मारी आला होता. त्याच दिवशी आला होता. मी तुम्हाला दिलेला शब्द परत घेतोय. आता तुम्ही पण जरा उठा."

त्याच संध्याकाळी त्यांनी जॅनिसला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. दगड बसवा. मोठा बसवलात तरी चालेल. बाबा एप्रिलमध्ये गेले, बर्फ पुरता वितळायच्या आधी. दगड महिनाअखेरीस बसला. घोडा मी त्या दगडाखाली ठेवला. चौथा पाय मी करवून घेतला नाही, तो ज्याने करायचा त्याचा होता.

मेच्या पहिल्या सोमवारी साडेचारला लॉर्नाचा फोन आला.

"तायमी… तू येऊन बघ. आज बाकावर कुणीच नव्हतं."

मला आनंद झाला. म्हटलं, सुटला बिचारा. पण लॉर्नाचा आवाज सुटकेचा नव्हता. मी गेले. तिने वही उघडून दिव्याखाली सरकवली आणि ती दूर जाऊन उभी राहिली. ती म्हणाली, मी पेन टेकवलंच नाही, उघडली तेव्हा ओळ लिहिलेलीच होती. तपकिरी शाई. टोकदार अक्षर. शाई अजून ओली होती.

'५ मे १९९७. अर्जदार हजर. साक्षीदार पेल्तो हजर.'

आजोबा उठले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा राग टाकून आले होते. मी तिथेच खुर्चीत बसले आणि पोटभर रडले, आणि डोळे पुसून झाल्यावर मला खालची ओळ दिसली. साक्षीदार दोन लागतात. दुकानदार कधीच गेला होता, आणि त्याने आपली साक्ष तेव्हाच दिली होती. त्याच्या जागी दुसरं नाव घातलं होतं.

'दुसरा साक्षीदार तायमी कांगास. अर्जदारास आठ वर्षं सलग ओळखते. तीनदा पुकारलं, गैरहजर. पुढच्या सत्रापर्यंत तहकूब.'

त्याला सत्तावीस वर्षं झाली. लॉर्ना गेली. तिच्या जागी आलेली पोरगी वर्षातून तीनदा मला फोन करते आणि चाचरत तीच ओळ वाचून दाखवते. बाकावर आता दोघे बसतात म्हणे, हळूहळू बोलत, एकाच्या कपातली कॉफी दुसरा बशीत ओतून घेतो. हे दोघे वाट बघायला सरावलेले आहेत. मी नव्वदीला टेकले आहे, त्या कोर्टात जिवंत माणसाला जाता येत नाही हे मला ठाऊक आहे, आणि भीती वाटते का म्हणाल, तर वाटते. पण शाईची बोटं बर्फाने घासणारा माणूसही मी पाहिलेला आहे. माझा चांगला कोट इस्त्री करून दारामागे टांगलेला आहे.

परवा सोमवारी, ऑक्टोबरचा पहिला, चारच्या सुमारास मी इथेच बसले होते, या दिव्यापाशी. बाहेर अंगणात कुणी तरी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, कोर्टातला शिपाई घेतो तसं, लांबवून. मी दार उघडलं तर कुणी नव्हतं, पायरी तेवढी ओली होती. काल पुन्हा तसंच झालं, आवाज जिन्यावरून आला.

तिसऱ्यांदा अजून पुकारलेलं नाही.